फौजदारचा तो व्हिडिओ

गुरुवारी मी टाकलेल्या ज्या व्हिडिओवर तुम्ही पोट धरून हसलात, त्यात आमचा बोका मरत होता.

मला ते कळलं नाही.
पण एका बाईला कळलं होतं, आणि तिने तसं लिहिलंही होतं.

फौजदार काल दुपारी गेला.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी इथे कतारमध्ये, दुखानला एसी टेक्निशियन. बायको-पोरं गावाकडे, इस्लामपूरला. क्वार्टरमध्ये मी आणि ड्रायव्हर साळुंखे मामा, दोघंच. दोन वर्षांपूर्वी हा भुरा बोका आपणहून दारात येऊन बसला. रोज संध्याकाळी सगळ्या क्वार्टर्सना राऊंड मारायला लागला, म्हणून नाव फौजदार.

घरी फोन लावला की पोरगी आधी विचारणार, "पप्पा, फौजदार कुठंय?" मग माझी चौकशी.
तिला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवारी ड्यूटीवरून आलो तर साहेब वाळूच्या टबात. बसायचा, जोर करायचा, उठून वाळू उकरायचा, परत बसायचा. मधेच ओरडायचा.

मामा म्हणाले, "आरं, संडासला कडक झालंय त्याला. दुधात तूप घाल."
घातलं. त्याने तोंडसुद्धा लावलं नाही.

आणि मी काय केलं? मोबाईल काढला.
"यल्ला फौजदार! लाव जोर! तक्रार नोंदवून घ्या!"
मागे मामा खो खो हसतायत. वर कॅप्शन, "फौजदार साहेब ऑन ड्यूटी."

मला लोकांना हसवायची हौस, तुम्हाला माहितीये. लग्नात, ग्रुपवर, साइटवर, सगळीकडे मीच तो. तासाभरात स्मायलींनी फोन भरला.

त्यात एक कॉमेंट अल रय्यानच्या वर्षाताईंची. त्यांच्या घरी तीन मांजरं आहेत.

"दादा, बोका आहे ना? त्याला लघवी होतेय का बघा. टबात ओली वाळू नसेल तर ही इमर्जन्सी आहे. उद्यावर टाकू नका, आत्ता न्या."

मी उत्तर दिलं, "ताई, फौजदारांची रजा मंजूर नाही. एरंडेल पाठवा."

त्या उत्तराला व्हिडिओपेक्षा जास्त लाईक आले.

टब माझ्यापासून चार पावलांवर होता. उठून वाळू बघायची, एवढंच काम होतं. मी लाईक मोजत बसलो.

शुक्रवारी सुट्टी. उशिरा उठलो, मटण शिजत टाकलं. फौजदार दिसेना. शेवटी वॉशिंग मशीनच्या मागे सापडला. शेजारी पिवळी उलटी. पोटाला हात लावला तर असा ओरडला की मीच हबकलो. आत मोसंबीएवढं काहीतरी टणक लागत होतं.

मग टब बघितला.
कोरडा ठाक.

वर्षाताईंना मेसेज केला. काय तोंडाने करत होतो ते माझं मला माहीत. त्यांनी एक टोमणा मारला नाही. इमर्जन्सी क्लिनिकचं लोकेशन पाठवलं आणि लिहिलं, "मी तिथे फोन करून ठेवते. पोट दाबू नका, काही पाजू नका, फक्त निघा."

मामांनी गाडी काढली. नमाजाची वेळ, रस्ता मोकळा, तरी तास गेला. फौजदार खोक्यात टॉवेलवर पडून होता. अर्ध्या वाटेनंतर ओरडायचाही थांबला. मला वाटलं बरं वाटतंय. इतका मी शहाणा.

तिथे नंबर लागत नाही. जो जास्त सिरियस, तो आधी आत. नर्सने दारातच खोका हातातून घेतला आणि मला बाहेर बसवलं. एक फॉर्म दिला. त्यात विचारलं होतं, हार्ट बंद पडलं तर परत चालू करायचा प्रयत्न करायचा का?
मी "हो"वर टिक केली.

डॉक्टर बाहेर आल्या. केरळच्या, मोडकं हिंदी.
"लास्ट पेशाब कब किया?"
"मालूम नहीं."
"ये तकलीफ कब से?"
"कल से, शायद."
"शायद नहीं. टाइम बोलो."

टाइम व्हिडिओवर होता. मी मोबाईल पुढे केला.
आवाज बंद करायचं सुचलं नाही.

एवढ्या शांत जागेत माझंच ओरडणं. यल्ला फौजदार, लाव जोर. समोर एक बाई कुत्र्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

डॉक्टरांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
"ये मोशन नहीं है. पेशाब का रास्ता बंद है, वो ट्राय कर रहा है. अभी पॉयझन पूरे बॉडी में है, हार्ट स्लो है. पहले हार्ट संभालेंगे, फिर नली डालेंगे."

मी विचारलं, "कल लाता तो?"
त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला.
"कल चान्स अच्छा था."

अर्ध्या तासाने आत बोलावलं. हार्ट दोनदा बंद पडलं होतं. एकदा चालू झालं, दुसऱ्यांदा नाही. पुढच्या पायावर सुईसाठी केस काढले होते, तेवढीच जागा गुलाबी दिसत होती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मामांसमोर ढसाढसा रडलो. मामा नुसते म्हणत होते, "मीच तूप घाल म्हणालो रं."

आता एक ऐका. "तू तुझ्या परीने सगळं केलंस" असं कुणी लिहू नका. मी केलं नाही.

वर्षाताई, फोनवर तुमची माफी मागितली. पण टिंगल चारचौघांत केली होती, म्हणून माफीही इथेच मागतो. चुकलो.

व्हिडिओ काढलेला नाही. फक्त कॅप्शन बदललंय. "बोक्याची लघवी अडकली की असं दिसतं. हसू नका. डॉक्टरकडे न्या."

फौजदार, भावपूर्ण वगैरे लिहायला मला तोंड नाही.
नुसतीच श्रद्धांजली घे, बाबा.