पडद्यावरचं नाव

उकडल्या धानाचा वास आला की ऐंशीच्या दशकातला तुमसरचा टिनाच्या छपराखालचा संगणक वर्ग आठवतो. शेजारीच धानगिरणी होती. तयार प्रोग्राम उलगडून तो आतून कसा चालतो, हे वर्ग चालवणाऱ्या सरांनीच मला शिकवलं. एका दुपारी सरांनी 'स्वतः लिहिलेला' प्रोग्राम विकत घ्यायला गिरणीमालक आले होते. मी हौसेनं तोच पडद्यावर उलगडला आणि ओरडले, "सर, ह्यात तं दुसऱ्याचंच नाव आहे जी!" मालक उठून गेले. सरांचा चेहरा उतरला. "बराबर वाचलंस बाई," ते म्हणाले, "मीबी असाच उघडून शिकलो. मले शिकवाले कोन होतं?" मला त्यांच्याकडे बघवेना. आज त्याच विद्येवर माझी नोकरी आहे. ती कुणाकडून शिकलात, असं कोणी विचारलं, की मी मान खाली घालून सांगते, "स्वतःच शिकले."