डावा कोपरा

बायको गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून मी पोराकडे जळगावात, पिंप्राळ्याला राहतो. सून चांगली आहे. जेवण वेळेवर मिळतं. टीव्हीवर कबड्डीही लागते, पण ती बघताना शेजारी कोणी ओरडत नाही. पोरगा मोबाईलात असतो नि सून म्हणते, आबा, आवाज थोडा कमी करा.

थंडीच्या दिवसांत गावाकडून फोन आला. आमचं गाव धुळ्याच्या बाजूला. गावच्या कबड्डी मंडळाचा कप्तान बोलत होता.

"आबा, आपला डावा कोपरा खेळनं सोडी ऱ्हायना. रविवारी निरोपाचा सामना ठेवेल शे. तुम्ही आधीच या. इथं भांडणं चालू शेतस."

"कसानं भांडण?"

"फ्लेक्सवर काय लिखानं, त्यानं."

डावा कोपरा म्हणजे आमचा खेळाडू, आता खेळणं सोडतोय तो. सात गडी ओळीनं उभे राहतात, त्यातल्या डाव्या टोकाला हा. समोरचा गडी चढाईला आला की त्याचा पाय धरायचा, एवढंच काम. चढाईवाल्याचं नाव होतं. तो मांडी ठोकत जातो, दोघांना शिवून येतो, पोरं त्याचा व्हिडिओ काढतात. पाय धरणाऱ्याचा व्हिडिओ काढला तर त्यात धूळच दिसते. हा गडी मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या जागेवर उभा आहे. आता त्याचा गुडघा गेला. दिवसभर जिनिंगवर कापसाच्या गाठी हलवायच्या आणि संध्याकाळी लोकांचे पाय धरायचे, मग गुडघा किती दिवस टिकणार?

मी एसटीनं गेलो. घराचं कुलूपसुद्धा उघडलं नाही, सरळ चहाच्या हॉटेलात गेलो. तिथं कोर्टच भरलं होतं. पोरांचं म्हणणं, 'खान्देशचा वाघ' लिहायचं, फोटोच्या मागं खरा वाघ टाकायचा, तोंड उघडलेला.

किराणा दुकानवाला म्हणाला, "कसाना वाघ? वाघाने एक तरी कप लयना का? शिरपूरले काय व्हयनं ते इसरी गयात का?"

शिरपूरचं सांगायला हवं, नाहीतर काही कळणार नाही. शिरपूरला आम्ही एकदाच फायनलला पोचलो. शेवटची चढाई, आम्ही एका गुणानं पुढं. आमचे सहा गडी बाद होऊन बाहेर बसलेले, आत हा एकटा. समोरचा गडी आत आला. यानं त्याचा पाय धरला, पक्का धरला. पण तो गडी घोड्यासारखा, यालाच ओढत घेऊन गेला आणि त्याचा हात मधल्या रेषेला टेकला. झालं. शेवटचा गडीही बाद, म्हणून वरून लोण चढला, कप गेला. तेव्हापासून किराणावाला त्याला उधारी देतो, पण शिरपूरचं बोलून देतो.

गावात एक निवृत्त मास्तर आहेत. ते शांतपणे म्हणाले, "राज्याच्या संघात त्याची निवड झाली नाही हे खरं आहे. पण आपल्या टीममधून जे दोन चढाईवाले पुढं गेले, ते रोज कोणाच्या हातून पाय सोडवून सोडवून शिकले, हेही खरं आहे. मग माप कशानं लावायचं?"

"कपानं," किराणावाला म्हणाला.

"मंग तुनं दुकान कितला कप लयनं?" मी विचारलं. सगळे हसले, तोही हसला, पण ऐकला नाही. तो ऐकत नाहीच.

मी पोरांनाही बोललो. वाघ टाकू नका म्हटलं. वाघ उडी मारतो. हा आयुष्यभर वाकून उभा राहिला. त्याला वाघ म्हणणं म्हणजे बैलाला मोटारसायकल म्हणणं. पोरांना राग आला. आबा म्हातारे झाले, असं एक जण पुटपुटला. झालोच आहे, त्यात काय.

उन्हं कलली तेव्हा घरी गेलो. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. मागून कोणीतरी हात घातला आणि खटकन उघडलं. तोच होता, आमचा डावा कोपरा. लंगडत होता.

ओट्यावर बसला. आधी माझ्या बायकोचं बोलला, अक्का गेल्या तेव्हा मी मयताला होतो, खांदा दिला, पण तुमच्याशी बोलणं झालं नाही, असं. मग म्हणाला, "आबा, तुमचं ऐकतील म्हणून सांगतो. वाघबिघ नका लिहू देऊ. मनी पोर आता वाचाले लागनी. बस स्टँडवर फ्लेक्स लागणार. शाळेत पोरं तिला म्हणतील, तुना बाप वाघ आणि शिरपूरले कप गया. लोके हसतीन आबा. तसं लिहिलं तर मी येवाव नही. घरीच बसेन."

"निरोप तुझा नि तू घरी बसशील?"

"बसेन."

तो तसाच आहे. बसला असता.

तो गेल्यावर मी आत गेलो, झाडलं, चूल पेटवायच्या भानगडीत न पडता सुनेनं दिलेल्या पोळ्या खाल्ल्या. आणि बायको आठवली. ती रावेरकडची, केळीवाल्यांची लेक. तिकडची बोली निराळी. आम्ही 'शे' म्हणतो, ती 'हाये' म्हणायची. लग्न होऊन आली, सासू गेली, नातवंडं झाली, तरी 'हाये' सोडलं नाही. मी चिडवायचो, एवढी वर्षं आमची भाकर खाल्ली, एक शब्द तर घे. म्हणायची, "भाकर मीच थापते, शबूद पन माहाच ऱ्हाईन."

कबड्डीकडे ती मला जेवायला बोलवायला म्हणून आली होती. शाळेच्या ओट्याजवळ उभी राहिली आणि परत जाईना. भाजी करपली त्या दिवशी. मग रोजच यायला लागली. बायका बोलल्या, म्हातारपणी पोरांच्या मांड्या बघते. ही म्हणाली, "तुमी बी या, जागा लई हाये." पुढं त्यातल्या दोघी यायला लागल्या.

डावा कोपरा तिनंच हेरला. मी चढाईवाल्यांकडं बघायचो, ती त्याच्याकडं. "हा पोरगा वरडत नाही, मांडी ठोकत नाही, निस्ता पायाकडं पाह्यतो," म्हणायची. आपले गडी एकेक करून बाद व्हायचे, बाहेर येऊन बसायचे, लोक उठून घराकडं निघायचे. तो एकटा आत उरला की ही ओट्यावर उभी राहायची आणि निघालेल्या लोकांना ओरडून सांगायची, "कुठी चालले? तो शे ना अजून!"

शे. हाये नाही. घरात कधी नाही, बाजारात कधी नाही, फक्त तिथं, त्याच्यासाठी. मी एकदा तिला म्हटलं, बघ, बोललीस की नाही आमचं. म्हणाली, मी नाही बोलले. तिला ते कळतच नव्हतं.

आणि पुष्कळदा तो एकटा पाय धरायचा, समोरचा पडायचा, मग बाहेर बसलेला आपला एक गडी उठून परत आत यायचा. कबड्डीत एवढं बरं आहे, गेलेला गडी परत आत येतो.

शिरपूरहून परत येताना टेम्पोत सगळे त्याला बोलत होते. तो मागं फाळक्याला टेकून बसला होता. ही एकटी म्हणाली, "साहा जन आधीच बाद झाले, त्यायचं नाव कोनी घेत नाही. हा येकटा उरला म्हून सगळे याच्याच नावानं बोंबलता." टेम्पोत त्यातले चार जण होते.

सकाळी मी हॉटेलात जाऊन सांगितलं, तिचंच लिहा. तो शे ना. मोठ्या अक्षरात. बाकी काही नको.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कप्तान म्हणाला, "आबा, तो तर सोडी ऱ्हायना. मंग शे कसा? व्हता लिखा."

"व्हता लिहायला तो मेला का?" मी जरा जोरातच बोललो. मास्तरांनी मान हलवली, "चांगलं आहे. यात खोटं काहीच नाही." किराणावालाही म्हणाला, "हाई ठीक शे. शिरपूरलेबी शेवटपर्यंत व्हताच तो."

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्सचं दुकान आहे, मालक ओळखीचा, अकोल्याकडचा. मीच फोन लावला. पोरं म्हणत होती, टाईप करून पाठवतो. मी म्हटलं, कशाला, मी सांगतो ना तोंडानं. तीन वेळा सांगितलं. तो हो हो म्हणाला. फोटो पोरांनी पाठवला. सामन्याच्या दिवशी माझा पोरगा गाडीवर फ्लेक्स घेऊन येणार असं ठरलं.

रविवारी पोरगा आला. मैदानाच्या कडेला आम्ही फ्लेक्स उलगडला. फोटो झकास. खाली हातभर अक्षरात लिहिलेलं: तो शेर ना!

मग एक पोरगा फिस्सकन हसला आणि सगळेच सुटले. मी दुकानवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मला वाटलं रेंज गेली. शे म्हणजे काय? शब्दच नाही असा. म्हटलं शेर असंल, मी पुरा करून दिला." वर म्हणाला, सिंहाचं चित्र टाकायला जागा नव्हती.

किराणावाला डोळे पुसत म्हणाला, "आते काय, शेर ना म्हणजे शेर नही. हाई बी खरंच शे."

मला हसू येईना. डावा कोपरा यायची वेळ झाली होती. पोरीला घेऊन येणार होता. वाघ नको म्हणून सांगितलेल्या माणसासमोर आम्ही सिंह आणून ठेवला होता आणि तोही माझ्या तोंडानं. पोरगा म्हणाला, वरून कागद चिकटवू. कागद वाऱ्यानं उडाला. कप्तान म्हणाला, चुना लावू. चुना म्हणजे आणखी शोभा.

मी न्हाव्याच्या दुकानातून पातं आणलं आणि र कापून काढला. चौकोनी भोक पडलं. दोन बांबूंना बांधून उभा केला तर भोकातून पलीकडची शाळेची भिंत दिसत होती. पोरगा म्हणाला, आबा, असं कसं दिसतं. मी म्हटलं, वाचता येतं ना? मग झालं.

तो आला. गुडघ्याला पट्टा, हाताशी पोर. लोक बाजूला झाले. पोरीनं बोट लावून अक्षर अक्षर वाचलं. मधे भोकापाशी थांबली, त्यातून हात घालून बघितला, मग पुढचं वाचलं. "पप्पा, हाई तर अक्का रोज म्हने!"

त्यानं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं वळला. "आबा, भोक कसानं?"

"तिथं सिंह बसेल व्हता," मी म्हटलं. "हाकली दिधा."

तो हसला. मोठ्यानं हसला, गुडघा धरून. मी त्याला एवढ्या वर्षांत असा हसलेला पाहिला नव्हता. मग पोरीला त्यानं माझ्याजवळ ओट्यावर बसवलं, चपला काढल्या, मातीला हात लावला आणि जाऊन डाव्या टोकाला उभा राहिला.

सामना आपसातलाच होता, कप नव्हता, काही नव्हतं. पहिल्या दोन चढायांत त्याला कोणी शिवलं नाही. तिसरीला समोरचा चढाईवाला त्याच्या बाजूला आला, यानं पाय धरला आणि दोघं धुळीत गेले. कोण पडलं, कोण सुटलं, काही दिसेना.

माझ्या शेजारी किराणावाला येऊन बसला होता. "असा धरेल राहता ना शिरपूरले, तं कप—" त्यानं सुरू केलं.

"बोल," मी म्हटलं. "पण नजर तिकडं ठेव."

तो बोलत राहिला आणि आम्ही दोघं बघत राहिलो.