मोजणीचा महिना

हौसेराव काय करतो, असं कुणी विचारलं की तुर्भ्याच्या मार्केटात हमालीला असलेला त्याचा मेव्हणा ज्योतिबा ठरलेलं उत्तर द्यायचा, "दाजी? दाजी दिवे लावतात." मग गोण्यांवर बसलेली अख्खी टोळी हसायची आणि हौसेराव सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. कारण बोलणं खोटं नव्हतंच. बेलापूरच्या डोंगरउतारावर वनखात्यानं एक उद्यान केलं होतं. वळणावळणाच्या पायवाटा, सिमेंटची बाकडी, वर चढत गेलेल्या करंज-कांचनाच्या रोपांच्या रांगा आणि लोखंडी खांबांवर मर्क्युरीचे मोठाले दिवे. सांजेला ते लावायचे, माणसं घरी गेली की विझवायचे आणि पायथ्याच्या विहिरीवरची मोटर चालवून रोपांना पाणी सोडायचं, एवढं हौसेरावाचं काम. माण तालुक्यातून आला तेव्हापासून तो तेच करत होता, आणि तेव्हापासून रोजंदारीवरच होता.

आता मर्क्युरीच्या दिव्याची एक खोड असते. बटण दाबलं की तो लगेच पेटत नाही. आधी जांभळट कुंथतो, मग फिकट होतो, मग कुठं पांढरा फटफटीत. फिरायला आलेली सोसायटीतली माणसं विचारायची, अहो, दिवा बिघडलाय का? हौसेराव म्हणायचा, बिघडला न्हाई, जागा हुतोय. तुमी तरी उठल्या उठल्या पळता का? एकदा एका म्हातारीनं त्याच्यासाठी डब्यातून शिरा आणला होता. तिला वाटलं होतं की हे सगळे दिवे त्याचे स्वतःचे आहेत आणि तो लोकांसाठी पुण्य म्हणून लावतो. हौसेरावानं शिरा खाल्ला आणि तिचा समज तसाच राहू दिला. अशा गमती त्याच्या पोतडीत पुष्कळ होत्या.

पण रोजंदारी ती रोजंदारी. रोजंदारीचा माणूस आणि लग्नघरातला लांबचा पाहुणा, दोघांचं सारखंच. जेवायला बसवतात, पण उद्या आहात का, असंही विचारतात. लेक राजलक्ष्मी, तिला बघायला कोरेगावकडची मंडळी आली होती. पोरगी पसंत पडली, पोहे पसंत पडले, आणि जाता जाता मुलाच्या चुलत्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, तुम्ही कायम आहात ना खात्यात? हौसेराव म्हणाला, होणार आहे. ती मंडळी परत काही आली नाहीत. त्या दिवसापासून हौसेरावाच्या बायकोनं, विजयमालेनं, घरात 'कायम' हा शब्द काढला नाही. आजारी माणसासमोर आजाराचं नाव काढत नाहीत, तसं.

सत्त्याण्णव साली खात्यात वीजबचतीचं वारं शिरलं. फॉरेस्टर साहेबांनी हौसेरावाला ऑफिसात बोलावून सगळं समजावून सांगितलं. साहेब माणूस सरळ, हे त्यांचं मोठेपण. योजना अशी होती की, एक कंपनी टेंडर भरून स्वतःच्या खर्चानं उद्यानाचे दिवे बदलणार, मोटर बदलणार. खात्यानं पदरचं काही द्यायचं नाही. विजेचं बिल जेवढं उतरेल, त्या उतरलेल्यातला वाटा काही वर्षं कंपनीनं घ्यायचा. म्हणजे म्हैस जे जास्तीचं दूध देईल त्यातूनच गवळ्याची मजुरी. पण त्यासाठी आज किती वीज जळते, हे कळायला हवं. नर्सरी, विश्रामगृह आणि उद्यान सगळं एकाच मीटरवर, त्यामुळं जुनी बिलं कुचकामी. म्हणून उद्यानाच्या लाइनीवर वेगळा मीटर बसवायचा, एक महिना मोजायचं, आणि येईल तो आकडा पाया धरायचा. पुढच्या प्रत्येक बिलाची तुलना त्या पायाशी.

मग साहेबांनी खरी गोष्ट सांगितली. या कामासोबत दिवाबत्ती आणि पंपासाठी एक कायम माणूस मागायचा प्रस्ताव जाणार होता. काम यशस्वी झालं तर जागा मंजूर, आणि तिथं हौसेरावाचंच नाव.

"महिनाभर मोजणी आहे," साहेब म्हणाले. "तू नेहमी चालवतोस तसंच चालव. बाकी काही करू नकोस."

हौसेराव जी साहेब म्हणाला आणि उतरून खाली आला. कायम आणि मोजणी, हे दोन शब्द त्याच्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसले.

इथं त्याच्या शाळेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याच्या गावची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. वर्षातून एकदा तपासणीला साहेब यायचे, आणि येण्याआधी निरोप पाठवायचे की काही विशेष करू नका, नेहमीसारखी शाळा चालू द्या. निरोप आला की गावात धांदल. भिंती शेणानं सारवायच्या, खरूज झालेली पोरं रानात धाडायची, शेजारच्या गावातून पृथ्वीचा गोल मागून आणायचा. पाचवीतली दोन हुशार पोरं तिसरीत नेऊन बसवायची. त्या दोघांतला एक हौसेराव. साहेबांनी त्याला नद्या विचारल्या, त्यानं घडाघडा सांगितल्या, साहेब म्हणाले, तिसरीच्या मानानं फारच तयार आहे. गुरुजींनी संध्याकाळी त्याला पेढा दिला. तो पेढा हौसेरावाच्या जिभेवर जन्मभर राहिला. साहेब मोजायला येतो तेव्हा 'नेहमीसारखं' म्हणजे काय, हे त्याला पाचवीतच पक्कं कळलं होतं.

तेव्हा मीटर बसला आणि हौसेराव कामाला लागला.

वीज वाचवायचीय ना? मग त्यानं अशी वाचवली की विचारू नका. खांबाआड खांब दिवे बंद ठेवले. राहिलेले अंधार पुरता पडल्यावर लावायचे आणि शेवटचा माणूस बाकड्यावरून उठायच्या आतच विझवायचे. लोक कुरकुरले, तर त्यांनाही हात जोडले. म्हणाला, महिनाभर कळ काढा, माझ्या पोटाचा प्रश्न हाय. लोकांनी काढली. नवी मुंबईतली माणसं तशी समजूतदार. मोटर तर त्यानं आठवड्यातून एकदा, तीही घटकाभर चालवली, गंज चढू नये म्हणून.

पण माघाचं ऊन. रोपं लहान. त्यांना पाणी हवंच. मग हौसेरावानं तेलाचे रिकामे डबे आणले, बांबूची कावड केली आणि विहिरीवरून डोंगर चढून पाणी वाहायला सुरुवात केली. दोन दिवसांत त्याचे खांदे सोलले. तिसऱ्या दिवशी विजयमाला डोक्यावर हंडा घेऊन येताना दिसली. तो म्हणाला, तू कशाला? ती म्हणाली, "मोजायला बसलेत ना? मग मला कुठं मोजतायत." आणि चढायला लागली. पहाटे आणि उन्हं उतरल्यावर, रोज. चढावर तिचा पाय एकदा घसरला आणि कंबरेत काहीतरी कडकन् वाजलं. हंडा तिनं पडू दिला नाही. लंगडत वर गेली, पाणी घातलं, मग बसली.

एक रोप वाळलं नाही. महिना संपला, साहेब लोक मीटर वाचायला आले, आकडा बघून खुश झाले, कागदावर सह्या केल्या की हा उद्यानाचा सर्वसाधारण वापर आहे. हौसेराव लांब उभा राहून बघत होता. त्याला वाटलं, आता कुणीतरी हाक मारेल. हाक कुणी मारली नाही, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. घरी जाऊन त्यानं विजयमालेच्या कंबरेला वेखंड उगाळून लावलं आणि म्हणाला, झालं बघ काम.

टेंडर निघालं, मंजूर झालं, दिवाळीच्या सुमारास कंपनीची माणसं आली. त्यांचा मुख्य फिटर सादिक, पनवेलकडचा, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. हसरा, कामाला वाघ. त्यानं जुने मर्क्युरी उतरवले, नवे दिवे चढवले, लहानशी देखणी मोटर बसवली. जुना माल खात्यानं लिलावात भंगारवाल्याला दिला. सादिक म्हणाला, हौसेरावभाऊ, हे दिवे निम्मी वीज खातात, आता बिनधास्त लावा. हौसेराव बिनधास्त झाला. सगळे खांब, दिवेलागणीपासून शेवटपर्यंत. मोटर दोन्ही वेळा. मोजणी सरली होती. आता पुन्हा नेहमीची शाळा. उद्यान असं उजळलं की बायका हळदीकुंकवाच्या साड्या नेसून तिथं फोटो काढायला यायच्या. विजयमालाही एकदा काठी टेकत येऊन बघून गेली. तिला तेव्हा नीट चढवत नव्हतं.

पहिलं बिल आलं. मोजणीच्या आकड्यापेक्षा कमी नव्हतंच, थोडं जास्तच होतं. दुसरं तसंच. तिसरंही तसंच. खातं म्हणालं, बचत नाही तर वाटा कशाचा? कंपनी म्हणाली, आमचे दिवे खोटे नाहीत, तुमची मोजणी खोटी आहे. खातं म्हणालं, करारात त्या आकड्याखाली तुमचीही सही आहे.

शेवटी कंपनीनं सादिकला पाठवलं, लाइन कुठं चोरली जातेय का बघायला. बिचाऱ्यानं अख्खा डोंगर पालथा घातला. काही सापडलं नाही. दमून हौसेरावाजवळ बाकड्यावर बसला आणि सहज म्हणून विचारलं की, मोजणीच्या महिन्यात दिवे किती लावत होतात?

हौसेरावानं मोठ्या हौसेनं सांगितलं. खांबाआड खांब, बंद मोटर, कावड, विजयमालेचा हंडा, सगळं. किती महिने त्याला हे कुणालातरी सांगायचं होतं. सादिक ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"भाऊ," तो म्हणाला, "तुम्ही आधीच वाचवून टाकलीत. आता आम्ही काय वाचवायचं?"

"म्हंजे?"

"वजन करायच्या आधी उपास केलात तुम्ही. आता जेवलात की वजन वाढणारच ना."

हौसेरावाला हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो उठला आणि थेट रेंज ऑफिसात गेला. सादिक मागून म्हणत होता, भाऊ, थांबा, आधी विचार करा. पण तो थांबला नाही. चूक कबूल केली की मास्तर छडी मारतो आणि मग गणित सोडवून देतो, एवढंच त्याला ठाऊक होतं.

फॉरेस्टर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दार लोटून घेतलं.

"मी तुला काय सांगितलं होतं, हौसेराव?"

"नेहमीसारखं चालव म्हणला हुता, साहेब."

"मग?"

साहेब जे म्हणतो ते त्याला खरोखरच हवं असतं, असा साहेब हौसेरावाला आजवर भेटला नव्हता. हे साहेबांना कसं सांगायचं?

त्यानं हात जोडले. मोजणी पुन्हा करा म्हणाला, माझा काय दंड असंल तो करा. साहेबांनी नकाराची मान हलवली. त्या आकड्यावर खाली सहा जणांच्या सह्या होत्या, आणि पुन्हा मोजायचं म्हणजे त्या सहाही जणांनी डोळे मिटून सही केली असं लिहून द्यायचं. कोण देणार? साहेबांनी तरी वर विचारून पाहिलं, हे त्यांचं चांगुलपण. वरून उत्तर आलं की मोजणी अंतिम आहे.

आणि अंतिम आहे म्हणजे कशी, तर सगळ्याच बाबतीत अंतिम. कंपनीनं करार सोडला, आपले दिवे उतरवले, आपली मोटर काढून नेली. दिवे काढताना सादिक हौसेरावाकडं बघत नव्हता. जाताना फक्त वहिनींची कंबर कशी आहे, एवढं विचारलं त्यानं. जुने दिवे आणि जुनी मोटर कधीच भंगारात गेली होती. खात्यानं नवे मागितले, तर वरच्या हिशेबनिसानं मोजणीचा महिना पुढं केला. या उद्यानाला एवढीच वीज लागते. म्हणजे फाटकावर आणि पायथ्याला मिळून चार दिवे, बस. मोटर? मोजणीच्या महिन्यात मोटर जवळजवळ चाललीच नाही आणि एकही रोप मेलं नाही, असं साहेबांनी वर विचारताना खात्याच्याच कागदावर लिहिलेलं. मग मोटर कशाला? आणि दिवे नाहीत, मोटर नाही, तर दिवाबत्ती-पंपाचा कायम माणूस तरी कशाला?

प्रस्ताव नामंजूर होऊन आला. फॉरेस्टर साहेबांनी तो कागद हौसेरावाला वाचून दाखवला, कारण तो त्याच्या हातात द्यायचा त्यांना धीर होईना. त्याला काढलं मात्र नाही. हजेरीपटावर त्याचं काम बदललं. पाणी वाहणे, मजूर, रोजंदारी.

विजयमालेला त्यानं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तव्यावरची उलटली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "आवो, मी तुमाला मदत केली नसती, तर चार रोपं मेली असती ना?"

"मेली असती."

"मग मोटर ऱ्हायली असती."

राजलक्ष्मी आतल्या खोलीत होती. तिला ऐकू गेलं असणार.

चैत्र लागला. हौसेराव आता एकटाच कावड घेऊन डोंगर चढायचा. मेव्हण्याची टोळी आता काही विचारायची नाही, आणि ज्योतिबानंही ठरलेलं उत्तर द्यायचं सोडलं होतं. फिरायला येणारी माणसं अंधार पडायच्या आत उठून जायची. एकटा माणूस आणि दोन डबे, पाणी पायथ्याच्या रांगांनाच पुरायचं. मधल्या रांगांपर्यंत एक दिवसाआड. वरच्या रांगेतल्या करंजांची पानं आधी कडेनं तांबूस झाली, मग मधून, मग खाली गळून पडली. तिथवर जायचं म्हणजे खालचं सगळं सोडून द्यायचं. हौसेरावानं खालून पाणी घालायला सुरुवात केली आणि वर मान करून बघायचं त्या उन्हाळ्यापुरतं सोडून दिलं.