रोजे बंद झालेल्या माणसाला काय म्हणावं

“दोन्ही किडन्या गेल्या आहेत,” वाशीमचे डॉक्टर म्हणाले. “आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस.” डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढून, यंत्रातून धुऊन परत अंगात सोडणं. बरा कधी होईन, असं मी विचारलं. “हे बरं होण्यासाठी नसतं, चालू राहण्यासाठी असतं,” ते म्हणाले. मी फाइल उचलून बाहेर आलो.

मी इंझोरीचा. सोमवारी आणि गुरुवारी बस, मग चार तास खाटेवर, हातात दोन जाड सुया, परतताना उलट्या. लघवी होत नाही, म्हणून दिवसाचं पाणी मोजून पाऊण लिटर. तहान काय चीज असते, हे ही वेळ आल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, आणि ती येऊ नये. चार महिन्यांत मी पार थकलो. एवढा महिना काढून डायलिसिस सोडून द्यायचं, असं मनाशी पक्कं केलं. बायकोला सांगितलं नाही.

शेजारच्या खाटेवर सलीमभाई असत, शिंपीकाम करणारे. रमजानचा पहिला रोजा होता. गावात आम्ही बौद्ध मंडळी दरवर्षी म्हणतो तसं मी सवयीनं म्हणालो, “रमजान मुबारक, भाई.” त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

उशाशी त्यांची बायको, शमीमभाभी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “डॉक्टरनं रोजे बंद केले त्यायचे. लहानपनापासून एक सुटला नोता.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यावर आणखी शहाणपणा केला. “आपल्याले तं बाराही मैने रोजाच हाये, भाई. पानी कुठं भेटते?”

“रोज्याले नियत लागते, भाऊ, मनानं ठरवा लागते,” ते भिंतीकडे बघतच म्हणाले. “हे नुसतं तहानेनं मरनं हाये.”

पुढच्या खेपेला मी भाभींना व्हरांड्यात गाठलं. त्या स्वतः रोज्यात होत्या, ओठ सुकलेले. “मंग म्हनू तरी काय त्यायले?” मी विचारलं.

“बरे व्हा म्हनू नका, खोटं वाटते त्यायले. पुढच्या रमजानले भेटू म्हना.”

साधं वाक्य, पण तोंडातून निघेना. पुढच्या रमजानला भेटायचं तर मीही असायला हवा होतो. म्हणजे वर्षभर त्याच सुया, तीच बस, त्याच उलट्या. सोडून जाणाऱ्यानं असं म्हणणं ही फसवणूक होती. पाच खेपा मी गप्प राहिलो. घरी एकटा असताना रडलोसुद्धा.

ईदच्या आधीच्या गुरुवारी सुया निघाल्यावर म्हणालो, “भाई, रमजान मुबारक. पुढच्या रमजानले भेटू.”

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. “इथंच?”

“मंग कुठं जातो मी?”

ते हसले नाहीत. “या मंग सोमवारी,” एवढंच म्हणाले.

आजार तसाच आहे. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तात साचणारा कचरा, दर तपासणीत वाढलेलाच निघतो. उमेद वगैरे काही आलेली नाही. शमीमभाभींचे उपकार मानतो, आणि कधीकधी त्यांचा रागही येतो. पण एका माणसाला शब्द देऊन बसलो आहे.

सोमवारी पहिल्याच बसनं गेलो. सलीमभाई माझ्याआधी येऊन बसले होते, दाराकडे बघत.