खालच्या मर्यादेचा रकाना

आमच्या कामगार संघटनेचं पत्रक मी पाहणीचं विश्लेषण पुरं होण्याआधीच छापून घेतलं. चूक तिथेच झाली. मी पत्रकं वाचतच मोठी झाले. मला आधी मथळा सुचतो, मग बाकीचं.

मथळा होता, ‘खोकला धुळीनेच!’ निफाडकडच्या कांदा व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर कांदा निवडणाऱ्या बायकांची आम्ही पाहणी केली होती. बंद शेडमध्ये बसणाऱ्या आणि उघड्यावर बसणाऱ्या, अशा दोन गटांत खोकल्याची तुलना. सरकारी चौकशी समितीला पाहणीचे निकाल संध्याकाळी पाचच्या आत, तिने ठरवून दिलेल्या साच्यातच हवे होते, कारण फाईल आधी संगणक वाचणार होता. त्याने ती स्वीकारली तरच धूळ बाहेर ओढणाऱ्या पंख्यांच्या मागणीवर सुनावणी.

द्वारका चौकाजवळच्या संघटनेच्या खोलीत चार वाजता मी फाईल चढवली. परत आली. ‘निष्कर्ष’च्या रकान्यात मी मथळाच टाकला होता, उद्गारचिन्हासकट. तिथे अंक हवा होता: दोन गटांतला फरक. तो भरला. पुन्हा परत. फरकाची खालची आणि वरची मर्यादा, म्हणजे खरा फरक कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती असू शकतो, ते रकाने रिकामे होते.

त्या मर्यादा मला ठाऊक होत्या. खालची शून्याच्याही खाली जात होती. म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकत होता. पत्रकात मी हे गाळलं होतं.

“शून्याच्या जरा वरचा आकडा टाक,” संघटनेच्या ताई म्हणाल्या. “कोण तपासतंय?”

“मालकांनी असं केलं असतं तर आपण मोर्चा काढला असता, ताई.”

“मोर्चाला यायला बायका धड राहू देत आधी!”

पत्रकांचा गठ्ठा न्यायला आलेल्या मावशी ऐकत होत्या. त्या बंद शेडमधल्या. “म्हंजे आम्ही खोटं खोकतो का गं?”

“नाही मावशी. आम्ही फार थोड्या जणींना विचारलं. तेवढ्यावरून छातीठोक सांगता येत नाही.”

“मंग पत्रकात कसं सांगितलं?”

पाचला दहा मिनिटं होती. मी खऱ्या मर्यादा भरल्या. ताईंनी माझा हात धरला नाही, पण खुर्ची मागे ढकलून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. फाईल स्वीकारली गेली.

मावशींनी गठ्ठा उचलला नाही. “सुनावणीत हे इचारलं तर?”

“मी सांगेन ना.”

“तू नको. तू लय मथळे बोलती. मी येते. मला तो आकडा नीट समजावून दे.”

मी एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर आडवी रेघ ओढली आणि मधोमध शून्य काढलं.