धुराड्यातला खण

भूमच्या स्टँडवरून एसटी सुटली तेव्हा धाकटा भाऊ निवृत्ती खिडकीची दांडी धरून चार पावलं धावला. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हेवा होता. खोटं कशाला बोलू, मला तो हेवा लई गोड लागला. माळाची जमीन, विहिरीला जेमतेम पाणी. आबा म्हणाले होते, "एका मोटंला एक गडी पुरं. दुसऱ्यानं बाहेरचं पाणी बघावं." निवृत्तीनं तोंड उघडायच्या आत मी ट्रंक उचलली होती.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात लागलो. तिथं विहिरीवर बसवायची ऑइल इंजिनं तयार व्हायची. घरी कार्ड टाकलं, 'मी इंजिनं बनवतो.' यात खोटं एवढंच, की बनवणारे दुसरे होते. मी शेवटी हिरवा रंग मारायचो. पुढच्या कार्डांत शिफ्ट, ओव्हरटाइम, कँटीन असल्या शब्दांची मुद्दाम पेरणी करायचो. निवृत्तीचं उत्तर ठरलेलं : 'तुझी मजा हाय दादा.' ते कार्ड मी आठवडाभर खिशात घालून हिंडायचो.

मग एक कार्ड आलं : 'विहिरीवर इंजिन घेतलंय. पूजेला ये.'

गावात विहिरीवरचं पहिलं इंजिन, आणि तेही मी सोडून आलेल्या मातीत! नवा टेरिलीनचा शर्ट घालून गेलो. शर्टाकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. सगळा गाव त्या ओळखीच्या हिरव्या धुडाभोवती, आणि मधोमध फेटा बांधलेला निवृत्ती. आईसुद्धा "आलास व्हय?" म्हणाली आणि परत इंजिनाला हळद लावायला वळली.

म्हटलं, आता आपलं ज्ञान दाखवावं. इंजिनाचं धुराडं वर उभं होतं. "नारळ इथं मांडायचा असतो. कारखान्यात असंच करतात," मी ठोकून दिलं. नारळ लटपटायला लागला, तसा आईच्या हातातला खण घेतला, त्याचा बोळा करून धुराड्याच्या तोंडात दाबला आणि वर नारळ बसवला. पूजा झाली. नारळ उचलून फोडला. खण आतच राहिला.

निवृत्तीनं हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा मारलं, पुन्हा गप्प.

"दादा, तूच बघ की. तू तर बनवतूस."

मी बाह्या सारल्या. तोंडानं "होईल, होईल" म्हणत होतो आणि मनात म्हणत होतो, बंदच राहू दे मेलं! तासभर नट सोडले, नट आवळले. शेवटी एक नट माझ्या हातात उरलाच.

तेवढ्यात पिठाच्या गिरणीवाले चाँदभाई आले. त्यांचा जन्म गिरणीच्या इंजिनाशी भांडण्यात गेलेला. त्यांनी नुसतं धुराड्यात बोट घातलं आणि खण ओढून बाहेर काढला.

"या अल्ला! इंजिनाची ओटी कुणी भरली? नरड्यात बोळा कोंबल्यावर बिचारा सांस किधर से लेगा?"

बायाबापड्यांसकट सगळे खो खो हसले. माझ्या हातातला नट चाँदभाईंनी जागच्या जागी बसवला, हँडल फिरवलं. इंजिन धडधडलं आणि पाणी पाटात आलं. त्या पाटात आम्ही दोघं लहानपणी चिखलाचे बांध घालायचो. आता त्यात मी नव्हतो, आणि पाणी माझ्यावाचून मजेत धावत होतं.

निवृत्ती जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, खरं सांग. तिथं तू काय करतूस?"

"रंग मारतो."

वाटलं, आता हासणार. त्यानं इंजिनावरून तळवा फिरवला. "रंग झ्याक बसलाय पर."

त्याला बरीच वर्षं झाली. आता आमच्या शिवारात विहिरीविहिरीवर इंजिनं आहेत, आणि निवृत्ती लिहितो की दुपारीच विहीर तळ दाखवते, मग इंजिन नुसतं बसून असतं. 'तुझं बरं हाय, तुला नळ हाय.' वाचून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. नळावर बादली घेऊन मी किती वेळ उभा असतो, हे मात्र त्याला अजून कळवलं नाही.

तुम्ही गावी राहिलेले आमचा हेवा करता. तो करत राहा, आम्हाला तेवढाच आधार आहे. पण कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक इंजिनाचा मला हेवा वाटतो. ते गावाकडं चाललेलं असतं, मी इथंच. रंग वाळला की त्याच्या धुराड्यात बोट घालून बघतो, आणि मगच जाऊ देतो.