गाडी दुपारी एकनंतर मिळेल

फोन आला तेव्हा मी राजूर घाटाखालच्या एका गावात जनावरांना लस टोचत होते. सलीमभाईंच्या बायकोचा, शाहीनभाभींचा आवाज नेहमीसारखाच होता. "ते गेले, डॉक्टरबाई. तुमाले सांगाले पाह्यजे म्हनून फोन केला." तीन दिवसांचा ताप, बुलडाण्याचा दवाखाना, आणि सकाळी सगळं संपलं. मी फोन खिशात ठेवला आणि राहिलेल्या अकरा गाईंना लस टोचूनच निघाले. माणसं जनावरं धरून उभी होती. आता या गोष्टीला दीड महिना झाला. सलीमभाईंविषयी लिहायला बसले आहे, ते फार दुःख झालं म्हणून, असं मला म्हणता येणार नाही. माझ्या हातून त्यांचं एक नुकसान झालं होतं, आणि ते मीच सांगायला हवं, एवढंच.

मोताळ्याच्या बसस्टँडजवळ त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांची वायरिंग करायची आणि टेप बसवायचे, हा धंदा. मी मूळची अमडापूरची. जनावरांची डॉक्टर म्हणून मोताळ्याला बदली झाली, तेव्हा डोंगराकडच्या गावांत जायला एक जुनी फोर-व्हील जीप घेतली. दगडगोट्यांतून, नाल्यांतून ती निमूट जायची, पण दिवसभर एकटीने इंजिनची घरघर ऐकून मी कंटाळले होते. म्हणून टेप बसवायला सलीमभाईंकडे गेले. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. उघड्या जीपला दारं नाहीत, तर स्पीकर कुठे बसवायचे? धूळ, पाणी, हादरे... या गाडीत कारखान्याचा कुठलाच हिशेब चालणार नाही, असं ते म्हणाले. मग सीटखाली लाकडी खोके बसवले, टेपच्या तोंडावर रबराची झडप लावली, वायरी पत्र्याला घासू नयेत म्हणून प्लास्टिकच्या नळीतून ओवल्या. दीड दिवस ते त्या गाडीत आडवे पडून काम करत होते.

त्यांचा एक नियम गावाला ठाऊक होता. गाडी दुपारी एकनंतरच मिळायची. कोणी म्हणायचं नमाजाची वेळ सांभाळतात, कोणी म्हणायचं मुहूर्त बघतात. मला त्या सकाळी एका अडलेल्या म्हशीकडे जायचं होतं. मी ऐकलं नाही, दहालाच गाडी घेऊन गेले. घाटाला लागले आणि टेपमधून बारीक शिट्टी येऊ लागली. अॅक्सिलरेटर दाबला की ती चढायची, सोडला की उतरायची. दुसऱ्या दिवशी परत गेले. सलीमभाईंनी इंजिन चालू केलं, मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, आता बरोबर आहे. शिट्टी तर चालूच होती. मी तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा काहीतरी हलवलं, पुन्हा तेच म्हणाले. तेवढ्यात एक वाजला आणि रोजच्यासारख्या भाभी डबा घेऊन आल्या. डबा फळीवर ठेवून त्या माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि हाताचा पंजा वर धरला. सलीमभाईंनी अर्थिंगची काळी वायर काढून दुसऱ्या बोल्टला लावली. पंजा थोडा खाली आला. तिसऱ्या जागी लावली, तेव्हा भाभींनी हात मांडीवर ठेवला. शिट्टी गेली होती.

मला कळलं, आणि मला कळल्याचं त्यांनाही कळलं. तरुणपणी आठ-नऊ वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांजवळ उभं राहून सलीमभाईंचे कान गेले होते. बोलणं ते बरंचसं ओठांवरून ओळखत, बारीक आवाज मात्र अजिबात ऐकू येत नसे. "कोनाले सांगू नका, डॉक्टरबाई," एवढंच ते म्हणाले. मी नाही सांगणार म्हणाले.

...पण सांगितलं. बुलडाण्याला खात्याचं शिबिर होतं. जेवताना गप्पांमध्ये जो तो आपापल्या भागातले नमुने सांगत होता. मीही सांगितलं, ऐकू न येणारा टेपवाला. नाव घेतलं नाही. पण मोताळ्यात टेपवाले असे कितीसे होते? सगळे हसले, आणि मलाही त्या वेळी बरं वाटलं. पंधरा दिवसांत त्यांच्या दुकानापुढच्या गाड्या कमी झाल्या. एका जीपवाल्याने तर अर्धं झालेलं काम सोडवून गाडी मलकापूरला नेली.

मी माफी मागायला गेले. ते पक्कड पुसत बसले होते. मी काय म्हणते ते त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून नीट वाचलं. मग म्हणाले, "सांगतलं त सांगतलं. खोटं थोडीच होतं. पन ते म्या सांगाले पाह्यजे होतं, तुमी नाही."



त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला अजून नीट समजलेलं नाही. पुढच्या सोमवारपासून भाभींची खुर्ची दुकानात आली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते स्वतःच सांगू लागले, हात माझे आहेत, कान हिचे. पटत असेल तर गाडी लावा. नातलगांना ते रुचलं नाही. बाई गॅरेजात बसते म्हणून काहींनी येणं-जाणं तोडलं. काही गिऱ्हाइकं गेली, काही वर्षभरानं परत आली. कानाचं यंत्र त्यांनी एकदा आणलं होतं. भांड्यांच्या दुकानात राहिल्यासारखं वाटतं म्हणून दोन दिवसांत खणात टाकलं. रिकाम्या वेळात भाभींना वायरींना कथलाचा डाग द्यायला शिकवलं, आणि पुढे पुढे भाभी एकट्याही गाडी उघडू लागल्या. माझ्या जीपचं काम सलीमभाईंनी कधी नाकारलं नाही. फक्त डॉक्टरबाई म्हणणं बंद केलं. शेवटपर्यंत मी 'मॅडम' होते.

गेल्या आठवड्यात जीपचा टेप अचानक बंद पडला, म्हणून दुकानात गेले. भाभी एकट्याच होत्या. आत बोलावून त्यांनी मागच्या पत्र्याच्या भिंतीवरचा दिवा लावला. पत्राभर सलीमभाईंनी खडूनं काढलेली गाड्यांची चित्रं होती, कुठली वायर कुठून गेली, फ्यूज कुठे, अर्थिंग कुठे. त्यांत माझ्या जीपचंही चित्र होतं, सीटखालच्या खोक्यांसकट. भाभींनी त्यावर बोट फिरवलं, एका वळणापाशी थांबल्या, मग जीपमध्ये जाऊन नेमकी तिथली नळी कापली. वायर आत कुजली होती.

काम झाल्यावर मी विचारलं, आतून रंग नाही दिला? बाहेरून दिलेला दिसत होता. रंगारी आला होता, म्हणाल्या. आतला पत्रा पुसू देला नाही त्याले.

मग खडू घेऊन त्यांनी माझ्या जीपच्या चित्रात नवी वायर काढली. जुनी रेघ त्यांनी तशीच ठेवली.